सुंठेचा लेप

"माताजी, टोपी ऊपर कीजिए."

आईने कानटोपी भुवयांच्या वर सरकवली. फाटकावरच्या माणसाने पिस्तुलासारखं यंत्र तिच्या कपाळासमोर धरलं, आकडा पाहिला, यंत्र हातमोज्यावर आपटलं आणि पुन्हा धरलं.

"बाजू में बैठ जाइए."

"काय झालं?" मी विचारलं. मग भानावर येऊन हिंदीत विचारलं.

"बुखार है."

"हिला? अहो, सकाळी दोन पराठे खाऊन आलीय ती."

"मॅडम, मशीन बोल रही है. मैं थोडे ही बोल रहा हूँ."

"भैया," आई म्हणाली, "हम जळगाव के हैं. हमारे उधर मई महीने में इतना तो सावली में रहता है."

रांगेतले दोघे-तिघे हसले. फाटकावरचा माणूसही हसला असावा. मास्कवरचे डोळे बारीक झाले. पण साखळी काही त्याने काढली नाही. त्याच्या पाठीमागे तारेला लटकलेल्या लिफ्टच्या रिकाम्या खुर्च्या एकामागून एक डोंगरावर चालल्या होत्या. आईने पायातल्या जड बुटांनी दोन पावलं मागे घेतली आणि त्याने दाखवलेल्या बाकावर जाऊन बसली. हातातल्या दोन्ही काठ्या गुडघ्यांवर आडव्या ठेवल्या. शाळेत सामना सुरू व्हायच्या आधी राखीव खेळाडू बसतात तशी.

ही दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीतली गोष्ट. हिमाचलातल्या सरोथी नावाच्या लहानशा गावी आई आणि मी, आईला स्कीइंग शिकता यावं म्हणून गेलो होतो. आदल्या संध्याकाळी आदेश आला होता. महाराष्ट्रात रुग्ण पुन्हा वाढू लागले होते, म्हणून दुपारी बारानंतर उतार बाहेरच्यांना बंद आणि महाराष्ट्रातून आलेल्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गाव सोडायचं. म्हणजे आईच्या हातात ती एक सकाळ होती. तिला एकदा वर जायचं होतं आणि स्वतःच्या पायांनी खाली यायचं होतं. एकदाच. त्याहून जास्त तिने काही मागितलं नव्हतं.

आई म्हणजे विजया झांबरे. जळगावातल्या दोन पिढ्या तिला झांबरे बाई म्हणून ओळखतात. मुलींच्या शाळेत ती खेळ शिकवायची. कधीतरी टीव्हीवर तिने उभ्या डोंगरावरून दोन काठ्या घेऊन सरळ खाली येणारी माणसं पाहिली आणि जाहीर केलं, "हा खेळ मला जमेल." पप्पा पाटबंधारे खात्यात होते. बोलणं कमी. निवृत्त झाल्यावर त्यांनी गुपचूप एका कंपनीकडे दोघांचं बुकिंग केलं, ते मार्च दोन हजार वीसचं. बॅगा भरून तयार होत्या आणि देश बंद झाला. कंपनीने दिवाळीची तारीख दिली, तेव्हा तिकडची हॉटेलं उघडली नाहीत. मधल्या ऑगस्टात पप्पा कोविडने गेले. मग कंपनीचा निरोप आला की हंगाम संपायच्या आत या, नाहीतर बुकिंग रद्द समजू. आई म्हणाली, "जायचं. पप्पांच्या जागी तू चल."

कुमुदआत्याने फोन केला. पप्पांची धाकटी बहीण.

"वहिनी, अजून वर्षही झालं नाही."

"वर्षात सण करायचा नाही म्हणतात, कुमुद. बर्फावर पडायचं नाही असं कुणी सांगितलेलं नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोक जमायलाच बंदी आहे सध्या."

तिने दिवाणखान्यातल्या फरशीवर पावडर शिंपडून, पायात मोजे घालून, मॉपच्या दोन दांड्यांनी सराव केला. एकदा टीपॉयवर आपटली, तर मला म्हणाली, "वैजू, वळण चुकलं."

मग तपासणी सुरू झाली. जळगावात नाकात काडी घालून घेतली. रिपोर्ट ठरावीक तासांपुरताच चालायचा. दिल्लीच्या धुक्यात गाडी अडकली आणि राज्याच्या सीमेवर पोहोचेपर्यंत रिपोर्ट शिळा झाला. तिथे पुन्हा काडी. गावात आलो तर हॉटेलवाल्याने आधार कार्डावर महाराष्ट्र वाचून दोन पावलं मागे घेतली आणि रिपोर्ट येईपर्यंत खोलीतून बाहेर पडायचं नाही म्हणाला. नमुने जिल्ह्याच्या गावी जायचे आणि तो रस्ता बर्फाने बंद. आठवड्याचा वर्ग होता. त्यातले बरेचसे दिवस आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत काढले. मी रोज कुणाला ना कुणाला फोन करायचे. प्रत्येक जण म्हणायचा, वरून आदेश आहे. आदेश देणारा माणूस त्या वर्षभरात मला एकदाही भेटला नाही. भेटायचे ते पाळणारे.

आदल्या दिवशी रिपोर्ट आला आणि खालच्या लहान उतारावर आईला एक दिवस मिळाला. पाय घराच्या उतरत्या छपरासारखे ठेवायचे, टाचा बाहेर, बोटं आत, एवढं शिक्षकाने सांगितलं. ती सकाळभर पडली. दुपारी कमी पडली. संध्याकाळी न पडता खाली आली आणि त्या पोरसवदा शिक्षकाला म्हणाली, "कल ऊपर से."

तर आता ती बाकावर बसली होती आणि फाटकावरचा माणूस, नेगी त्याचं नाव, इतरांची कपाळं तपासून त्यांना वर सोडत होता.

मी तिच्या शेजारी टेकले. तिचं कपाळ लाल दिसत होतं. बारा वाजायला अवकाश होता, म्हणून मी अजून शांत होते. मग मला वास आला.

"आई, कपाळाला काय लावलं होतंस?"

"सुंठ."

"कधी?"

"सकाळी. तू आंघोळीला गेलीस तेव्हा. डोकं चढलं होतं. उंचीचं असणार."

"सुंठ आणलीस कुठून?"

"घरून. थंडीत चाललो होतो ना आपण."

मी डोळे मिटून घेतले. सुंठेची पूड कढत पाण्यात कालवायची, जाडसर लेप द्यायचा, भाजल्यासारखं झालं की गुण येतोय म्हणायचं, वाळली की पुसायची आणि वरून लोकरीची कानटोपी ओढायची. आमच्या घरात सर्दी, डोकेदुखी, परीक्षेची धास्ती, सगळ्यांवर हा एकच इलाज होता. तिच्या कपाळाची त्या वेळी शेगडी झालेली असणार.

मी नेगीकडे जाऊन सगळं सांगितलं.

"सोंठ?" तो म्हणाला. "सोंठ तो चाय में डालते हैं."

"हमारे में सिर पे भी डालते हैं," बाकावरून आई म्हणाली.

"ठीक है, माताजी. थोडी देर बैठिए. उतर जाएगा तो जाने दूँगा. नहीं उतरा तो उधर सिस्टर के पास." त्याने फाटकाच्या उजवीकडच्या पत्र्याच्या खोलीकडे बोट केलं. "मेरे हाथ में कुछ नहीं है."

मी परत आले, वाकून मूठभर बर्फ उचलला आणि आईपुढे धरला.

"कपाळावर चोळ."

"कशाला?"

"गार होईल. तो बघत नाहीये."

"म्हणूनच नाही."

"आई, तुला ताप नाहीये! खोटं काय आहे त्यात?"

"पंचाला फसवायचं नाही."

"तो पंच नाहीये. फाटकावरचा माणूस आहे."

"शिट्टी ज्याच्या तोंडात, तो पंच."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. खो-खोच्या सामन्यात तिच्या संघातल्या मुलीला चुकीचं बाद दिलं, तरी ती मैदानाकडे बघत टाळ्या वाजवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. मी बर्फ फेकून दिला. हातमोजा ओला झाला तेवढा.

लिफ्टच्या खुर्च्या जात होत्या. एक बाई मांडीवर कुत्र्याचं पिल्लू घेऊन वर गेली. पिल्लाचं कपाळ कुणी तपासलं नाही.

थोड्या वेळाने नेगीने हाक मारली. आई उठली, त्याच्यासमोर गेली, टोपी वर केली. त्याने यंत्र धरलं आणि मान हलवली.

"बढ़ गया."

"वाढेल कसं?" मी जवळजवळ ओरडलेच. मग तिच्या टोपीकडे पाहिलं. भुवयांवर लोकरीच्या काठाचे वळ उठले होते. "आई, तू टोपी खाली ओढून बसली होतीस?"

"कान गार पडले होते."

त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईने काठ्या माझ्या हातात दिल्या आणि पत्र्याच्या खोलीकडे चालू लागली. कुणी ओढून नेण्याआधीच. खोलीभोवती लाल पट्ट्या बांधलेली दोरी होती. तिने ती स्वतः वर उचलली, वाकून आत गेली आणि पुन्हा नीट खाली सोडली.

"आई, अगं भांड ना थोडं!" मी मागून म्हणाले. "एकदा तरी!"

तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. दार लागलं.

आत आरोग्य खात्याची एक तरुण परिचारिका होती. पांढऱ्या झग्यात नखशिखान्त. ती दार किलकिलं करून म्हणाली की आधी पेशंट पाचेक मिनिटं पडून राहील, मग काडी, मग तिथल्या तिथे निकाल. मी दोरीच्या बाहेर थांबायचं. किती वेळ? लागेल तेवढा. फोन? पेशंटला आराम करू द्या.

खोलीच्या दर्शनी बाजूला मोठी काच होती. बर्फावरचं ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून तिला काळी फिल्म लावलेली. मला आतलं काहीही दिसत नव्हतं. दिसत होते मी, माझ्या हातातल्या तिच्या-माझ्या मिळून चार काठ्या आणि माझ्यामागचा डोंगर.

मी फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. मग काठ्या बर्फात रोवून दोन्ही हात हलवले. मनगटावर बोट आपटून दाखवलं. लिफ्टकडे हात केला. टोपी काढून कपाळ पुसल्याचा अभिनय केला, म्हणजे निदान टोपी तरी काढून बसेल. दोरीला अगदी चिकटून जायला गेले तर पाय सटकला आणि मी बसल्याजागी तीन-चार फूट घसरत गेले. नेगी धावत आला.

"मॅडम, लगी तो नहीं?"

"मुझे मत देखो! घड़ी देखो!" मी बसूनच ओरडले. "एक साल से हम लोग रुक रहे हैं. मार्च में रुके, दिवाली में रुके, होटल में रुके. अब मेरी माँ सोंठ के लिए रुकेगी?"

तो बिचारा हात पुढे करून उभा होता. मी त्याचा हात न धरता उठले. त्या काळ्या काचेत उठताना मी स्वतःलाच दिसले. अंगभर बर्फ, केस तोंडावर.

अखेर दार उघडलं. परिचारिकेने मास्कमधूनच सांगितलं, "निगेटिव है. बुखार भी नहीं है अब. ले जाइए."

मी घड्याळ पाहिलं. अजून वेळ होता. वर जाऊन एकदा खाली येण्यापुरता पुरेसा होता. मी दोरीखालून आत शिरले.

"आई, चल! ऊठ!"

ती खाटेच्या कडेला बसली होती. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, फोन शेजारी. तोंड काचेकडे. तिच्या कपाळावर आता कसलाही लालपणा नव्हता.

"चल ना. काठ्या बाहेरच आहेत."

"तू पडलीस," ती म्हणाली.

"पडले, उठले. चल."

"पडायच्या आधी टोपी काढलीस. मग त्या माणसावर ओरडलीस. त्याने हात दिला, तू धरला नाहीस."

"फोन उचलला असतास तर एवढं करावं लागलं नसतं."

"वैजू, सगळं दिसत होतं."

"हो, मग? चल आता."

"अगं, सगळं दिसतं इथून." तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटेना. "बाहेरून मी दिसत होते का तुला?"

"नाही. काळी काच आहे."

"तशीच होती," आई म्हणाली. "दवाखान्यात."

परिचारिका कोपऱ्यातल्या बादलीत हातमोजे टाकत होती. मी खाटेजवळ उभी राहिले.

पप्पा दवाखान्यात होते तेव्हा मी बंगळूरला होते. पासशिवाय जिल्हे ओलांडता येत नव्हते आणि पास मिळाला तो ते गेल्यानंतर. आई रोज डबा पोहोचवून येते, एवढंच मला माहीत होतं. फोनवर ती डब्यात काय दिलं ते सांगायची.

"दुसऱ्या मजल्यावर होते," ती सांगू लागली. "वॉर्डबॉय म्हणाला, रस्त्याकडच्या खिडकीशीच पलंग आहे. फोन त्यांना धरवत नव्हता. मग मी डबा दिला की पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभी राहायचे. तिथे पोलिसांनी रेघ मारली होती, तिच्या अलीकडे. हात करायचे. खिडक्या सगळ्या काळ्या. मला वाटायचं, मला तिकडचं दिसत नाही, म्हणजे तिकडून मीही दिसत नसणार. वेड्यासारखी कुणाला हात करतेय मी?"

"आई..."

"पहिल्यांदा बराच वेळ थांबायचे. मग कमी केलं. मग नुसता हात करायचा आणि रिक्षा बघायला निघायचं. एक दिवस पाऊस होता. डबा शेजारच्या राणेंच्या मुलाबरोबर पाठवला. मी गेलेच नाही." तिने टोपी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "ते बघत असणार."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. सगळ्या काचा सारख्या नसतात. ते ऑक्सिजनवर होते, उठून बसता येत होतं की नाही कुणास ठाऊक. मी एवढंच म्हणाले, "कदाचित झोपलेले असतील."

"कदाचित," आई म्हणाली.

बाहेरून नेगीने हाक दिली, "मॅडम! माताजी को ले आइए! लाइन खाली है, अभी भेज देता हूँ!"

"ऐकलंस?" मी म्हणाले. "चल आई. परत कधी येणार आहोत आपण?"

ती उठली नाही. परिचारिकेकडे वळून म्हणाली, "बेटी, दस मिनट और बैठूँ मैं? तेरा कोई पेशंट आया तो उठ जाऊँगी."

परिचारिकेने माझ्याकडे पाहिलं. ती खांदे उडवून म्हणाली, "बैठिए."

"वैजू, तू बाहेर जा."

"कशाला?"

"उभी राहा."

"आई, लिफ्ट बंद होईल!"

"होऊ दे."

"होऊ दे काय? मग आपण आलो कशाला? एवढे हाल कशासाठी काढले?" माझा आवाज चढला होता. वर्षभराचा राग आयताच तोंडाशी आला होता आणि समोर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. "त्या उतारासाठी आलो ना? तो उघडाय, तुला ताप नाही, तो माणूस स्वतः बोलावतोय, आणि तू..."

"जा, बाळा," आई म्हणाली.

बाळा ती मला कधी म्हणत नसे. मी बाहेर गेले.

दोरीपाशी उभी राहिले तोच फोन वाजला.

"इतकी जवळ नाही. रस्ता रुंद होता."

मी मागे सरकले. "इथं?"

"अजून."

"आता?"

"अजून मागे. दुसरा मजला होता."

"आई, आणखी मागे गेले तर दरीत जाईन."

"मग राहा तिथं. मास्क लाव."

मी मास्क लावला. नेगी फाटकातून माझ्याकडे बघत होता. त्याने हाताने विचारलं, काय चाललंय? मी मान हलवली. काचेत आता मी एक ठिपका होते. मी हात वर केला आणि हलवू लागले. कुणाला करतेय ते दिसत नव्हतं. थोड्या वेळाने हात अवघडला तसा दुसरा केला.

"ओळखू येते का मी?" मी विचारलं.

मी पुन्हा पहिला हात वर केला.

"आई?"

"येतेस," ती म्हणाली. "चेहरा नाही दिसत. पण येतेस ओळखू. उभी कशी राहतेस, त्यावरून."

नेगीने साखळी लावली. खुर्च्या एकदा झोका खाऊन थांबल्या, जिथल्या तिथे लोंबकळत राहिल्या. त्यांची घरघर थांबल्यावर किती शांत झालं होतं ते मला आजही आठवतं. मी हात हलवतच होते.

"आता जा," आई म्हणाली.

"कुठं?"

"पाठ कर आणि जा. बघायचंय मला, जाताना कशी दिसत असेन ते. मागे वळू नकोस. मी वळायचे नाही."

मी पाठ केली. बर्फात बूट रुतत होते. फोन कानाला तसाच होता, आणि त्यात ती रडत होती की नाक ओढत होती, थंडीत दोन्ही सारखंच ऐकू येतं. हॉटेलाकडे जाणाऱ्या वाटेवर परतणारी माणसं खांद्यावर स्की टाकून चालली होती, त्यांच्यातून मी चालू लागले.

"किती लांब जाऊ?" मी विचारलं.

"रिक्षा मिळेपर्यंत," आई म्हणाली.